चष्मा मिळाल्यानंतर : लघुदृष्टीची मुले, वाचनाचे अंतर आणि वाकलेली मान

रुग्णालयाच्या जमाखर्चाच्या पत्रकात ‘चष्मे वाटप’ या नावाची एक ओळ दरवर्षी छापली जाते. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत आणि देणगीदारांच्या भेटीगाठींत या ओळीविषयी एक प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि तो विचारला जाणे योग्यच आहे. ज्या मुलास एकदा चष्मा दिला, त्याच मुलासाठी वर्ष-दीड वर्षाने पुन्हा खर्च कशासाठी? मोतीबिंदूची शस्त्रक्रिया एकदा केली की ते काम पूर्ण झाले असे आपण मानतो; मग चष्म्याचे काम दरवर्षी अपुरे का राहते?

नेत्र विभागाच्या दाराशी बसलेल्या पालकांचा प्रश्न निराळा असतो. ‘चष्मा लावूनही पोरगा पुस्तकात नाक खुपसूनच वाचतो. मग चष्म्याचा फायदा काय झाला?’ असे आई काळजीने विचारते. वडील बहुधा याचा अर्थ नंबर चुकला असा लावतात, आणि आजी चष्म्यामुळेच नंबर वाढतो असे ठामपणे सांगते.

देणगीदारांचा प्रश्न आणि पालकांचा प्रश्न वरवर वेगळे दिसले, तरी त्यांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे. भिंगाचा नंबर, नाकावर बसलेली चौकट, पुस्तक धरण्याचे अंतर आणि मान वाकविण्याची सवय या चार गोष्टी एकमेकींत अशा गुंतलेल्या आहेत की एक बिघडली की उरलेल्या तिन्ही बिघडतात. आम्ही प्रशासनातील मंडळी हिशेबाच्या शाखेतून आलेलो. तेव्हा नेत्र विभागातील आमच्या सहकाऱ्यांकडून जे समजून घेतले, ते येथे शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडीत आहोत.

आमच्या राज्याच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात भिंगांच्या प्रकरणात निकटदृष्टितेची आकृती आहे. घरात दहावीचा विद्यार्थी असेल तर पालकांनी ती अवश्य पाहावी. प्रौढ माणसाचा नेत्रगोल पुढून मागे सुमारे २३ ते २४ मिलिमीटर लांब असतो. तो प्रमाणाबाहेर लांबला की दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलावर न पडता त्याच्या अलीकडेच तयार होते, आणि फळ्यावरील अक्षरे धूसर दिसू लागतात. ही वाढ फार थोडी पुरते. एका मिलिमीटरच्या जादा लांबीने साधारण अडीच ते तीन डायॉप्टरचा, म्हणजे बोलीभाषेत अडीच-तीनचा वजा नंबर लागतो. मुलामुलींची उंची ज्या वयात झपाट्याने वाढते त्याच वयात नेत्रगोलही वाढत असतो. दहाव्या वर्षी शिवलेला सदरा चौदाव्या वर्षी अंगास येत नाही, याबद्दल कोणी शिंप्यास दोष देत नाही. चष्म्याचेही तसेच आहे. या वयात दर सहा महिन्यांनी, निदान वर्षातून एकदा तरी, नंबर पुन्हा तपासावा लागतो तो यासाठी.

नंबर या शब्दाचा अर्थ मात्र फार थोड्या घरांत ठाऊक असतो. वास्तविक त्यात अंतराचे मोजमाप दडलेले आहे. शंभरास नंबराने भागले असता जे उत्तर येते, तितक्या सेंटीमीटरपर्यंतच त्या डोळ्यास चष्म्याशिवाय स्पष्ट दिसते. वजा एक नंबर असल्यास शंभर सेंटीमीटर, वजा दोन असल्यास पन्नास, वजा तीन असल्यास तेहतीस, वजा चार असल्यास पंचवीस आणि वजा पाच असल्यास केवळ वीस सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम एक वीत. या सीमेपलीकडचे सारे जग त्या मुलाला पुसट दिसते.

या साध्या भागाकारातून एक महत्त्वाचा भेद स्पष्ट होतो. ज्या मुलाचा नंबर वजा दीड आहे, त्यास फळा दिसणार नाही, परंतु पुस्तक चष्म्याशिवायही हातभर अंतरावर ठेवून वाचता येईल. असा मुलगा पुस्तकावर ओणवा होत असेल तर तो दोष डोळ्याचा नाही. ती सवय आहे, किंवा उजेड कमी आहे, किंवा बैठक चुकीची आहे. याउलट ज्याचा नंबर वजा पाच आहे आणि जो वाचताना चष्मा काढून ठेवतो, त्यास वीस सेंटीमीटरपर्यंत खाली वाकण्यावाचून गत्यंतरच नसते. त्याला ‘सरळ बस’ म्हणून कितीही रागावले, तरी सरळ बसताच त्याची अक्षरे विरघळून जातात. दोन्ही मुले दुरून सारखीच वाकलेली दिसतात. एकास शिस्तीची गरज असते आणि दुसऱ्यास चष्म्याची, आणि हा फरक मुलाकडे नुसते पाहून कळत नाही.

आता योग्य नंबराचा चष्मा डोळ्यावर नीट बसला आहे असे समजू. अशा वेळी त्या डोळ्याची स्थिती निर्दोष डोळ्यासारखी होते. दूरचे स्पष्ट दिसते, आणि जवळचे पाहण्यासाठी डोळ्यातील भिंगास आपली समायोजन शक्ती वापरावी लागते. पुस्तक तेहतीस सेंटीमीटरवर असेल तर तीन डायॉप्टर शक्ती लागते, वीस सेंटीमीटरवर आणले तर पाच. पंधरा वर्षांच्या मुलाकडे ही शक्ती सर्वसाधारणपणे अकरा डायॉप्टरहून कमी नसते, म्हणून त्यास जवळ धरलेले पुस्तकही वाचता येते आणि आपण काही चुकीचे करीत आहोत याची जाणीव त्याला होत नाही. (आमच्या वयाच्या माणसाकडे ती एक-दोन डायॉप्टरच उरलेली असते. त्यामुळे आम्ही वर्तमानपत्र हात लांब करून धरतो आणि मुलांना डोळे सांभाळण्याचे उपदेश करतो.) शक्ती आहे म्हणून ती तासन् तास ताणून धरावी असे मात्र नाही. संध्याकाळी कपाळ दुखणे, वाचता वाचता ओळ सुटणे, पुस्तकावरून नजर उचलल्यावर फळा क्षणभर धूसर दिसणे या तक्रारी त्या ताणाच्या असतात.

म्हणजे चष्मा मुलास लांबून वाचण्याची मोकळीक देतो, लांबून वाचावयास लावीत नाही. चष्मा लागण्यापूर्वी दोन-तीन वर्षे जे मूल वीतभर अंतरावर वाचत आले, त्याच्या मानेस तीच ढब अंगवळणी पडलेली असते. चष्मा लागल्यावरही ती ढब टिकून राहते, आणि आईच्या प्रश्नाचे पहिले उत्तर येथे आहे.

दुसरे उत्तर भिंगातच आहे. अंतर्गोल भिंगातून वस्तू किंचित लहान दिसते. वजा चार नंबराच्या चष्म्यातून ही घट सुमारे पाच टक्के आणि वजा आठच्या चष्म्यातून सुमारे नऊ टक्के असते. प्रथमच चष्मा लावणाऱ्या मुलास अक्षरे काळी व रेखीव पण बारीक दिसतात आणि जमीन खाली गेल्यासारखी वाटते. मग बारीक दिसणारी अक्षरे मोठी करण्याचा सर्वांत सोपा उपाय ते मूल करते, म्हणजे पुस्तक आणखी जवळ ओढते. एक-दोन आठवड्यांत डोळ्यास आणि मनास या आकाराची सवय होते. या दोन आठवड्यांत चष्मा काढून ठेवू नये, एवढेच आम्ही पालकांस सांगतो.

पंधरवड्यानंतरही मूल तसेच वाकत असेल, डोके दुखते म्हणत असेल, तर नंबर जास्त दिला गेला आहे काय हे पाहावे लागते. हा धोका मुलांच्या बाबतीत मोठ्यांपेक्षा अधिक असतो. यंत्रात डोकावताना मूल नकळत डोळा ताणते, आणि यंत्र तो ताण लघुदृष्टी समजून वजा नंबर वाढवून छापते. ‘कॉम्प्युटरद्वारे नेत्रतपासणी’ हा फलक आता तालुक्याच्या प्रत्येक बाजारपेठेत दिसतो, आणि यंत्रावर आलेला नंबर जणू न्यायालयाचा निकाल असावा असा लोकांचा समज आहे. यंत्र उपयुक्त आहे यात शंका नाही, परंतु ते केवळ आरंभबिंदू दाखविते. मुलांच्या डोळ्यांत समायोजन शिथिल करणारे थेंब घालून, काही वेळ थांबून, मग नंबर काढणे ही खात्रीची पद्धत होय. या थेंबांनी त्या दिवशी जवळचे धूसर दिसते आणि उजेड सहन होत नाही, म्हणून पालक नाराज होतात, शेतीच्या हंगामात एक दिवस वाया गेला असे म्हणतात. पण जादा नंबराचा चष्मा वर्षभर लावला, तर त्या मुलाच्या डोळ्यास प्रत्येक पानावर जादा व्याज भरावे लागते. एक डायॉप्टर नंबर अधिक पडला, तर तीस सेंटीमीटरवरील पुस्तकासाठी सव्वातीनऐवजी सव्वाचार डायॉप्टर शक्ती खर्च होते.

यानंतरचा मुद्दा चौकटीचा. या विषयात सर्वाधिक दुर्लक्षित असा हाच भाग आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नववीत शिकणारी एक मुलगी मानदुखीसाठी आमच्या बाह्यरुग्ण विभागात आली होती. त्यापूर्वी दोन ठिकाणी वेदनाशामक गोळ्या घेऊन झाल्या होत्या. रात्रीचा अभ्यास बंद करावा असा सल्लाही मिळाला होता, आणि हिला अभ्यास झेपत नाही, दहावीनंतर पुढे शिकवू नये, असा विचार घरात सुरू झाला होता. तिला चष्मा होता. एका शिबिरात तो मोफत मिळालेला होता. तपासणीत तिचा नंबर वजा साडेपाच निघाला, आणि चष्म्याच्या भिंगांचा नंबरही बरोबर तेवढाच होता. कागदोपत्री या मुलीच्या दृष्टिदोषाचे निवारण पूर्ण झालेले होते. परंतु चौकट मोठ्या माणसाच्या मापाची होती. खाली पाहताच ती नाकाच्या शेंड्यावर घसरत होती आणि मुलगी चष्म्याच्या वरच्या कडेवरून वाचत होती. चष्म्यावरून वाचणे म्हणजे चष्म्याविना वाचणे. वजा साडेपाचने शंभरास भागले की अठरा सेंटीमीटर येतात. शाळेत आणि घरी मिळून दिवसाचे कित्येक तास ती मुलगी अठरा सेंटीमीटरवर मान मोडून वाचत होती, आणि चष्मा नाकावर असल्यामुळे तिला चष्म्याची अडचण असेल हे कोणाच्याच ध्यानी आले नाही.

तिला नवा नंबर द्यावा लागला नाही. तिच्या चेहऱ्याच्या मापाची चौकट, नाकाच्या बाजूंस नीट टेकणाऱ्या गाद्या आणि कानामागे योग्य ठिकाणी वळविलेल्या दांड्या एवढेच करावे लागले. पुढील काही आठवड्यांत मानदुखी बरीच कमी झाली. नंबर कमी झाला नाही, आणि होणारही नव्हता. ती आता दहावीच्या वर्गात आहे.

चौकट घसरल्याने आणखीही एक गोष्ट घडते. वजा नंबराचे भिंग डोळ्यापासून जितके पुढे जाईल तितकी त्याची डोळ्यावरील परिणामकारक शक्ती घटते. वजा सहाच्या चष्म्यात पाच मिलिमीटर घसरणीने हा फरक जेमतेम पाव डायॉप्टरच्याही आत असतो. वजा दहाच्या चष्म्यात मात्र तो एक तृतीयांश डायॉप्टरहून अधिक होतो. वर्गात एखादा मुलगा चष्मा बोटाने डोळ्याशी घट्ट दाबून फळा वाचताना दिसला, तर त्याचा नंबर वाढला असण्याचा संभव असतो. तो स्वतःच्या नकळत चष्म्याची शक्ती वाढवून घेत असतो. शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगी ही खूण आहे. डोळे बारीक करून पाहणे ही दुसरी, आणि मान एका बाजूस कलती करून पाहणे ही तिसरी. या तिसऱ्या खुणेमागे पुष्कळदा न दिलेला किंवा चुकीच्या कोनात बसविलेला सिलिंडरचा नंबर असतो.

भिंगाचा मध्य आणि बाहुलीचा मध्य हे जुळणेही तितकेच आवश्यक आहे. मोठ्या माणसाच्या दोन बाहुल्यांमधील अंतर सर्वसाधारणपणे साठ मिलिमीटरहून अधिक असते, मुलांचे त्याहून कमी. तयार चष्मे एकाच मापात बनविलेले असतात. वजा पाचच्या भिंगाचा मध्य तीन मिलिमीटर जरी सरकला, तरी त्या भिंगातून पाहणाऱ्या डोळ्यास दीड प्रिझम डायॉप्टरचे वळण सोसावे लागते, आणि दोन्ही डोळे मिळून तीन. लहान नंबरास हे चालून जाते. मोठ्या नंबरास चालत नाही. घाऊक दराने तयार चष्मे खरेदी करून वाटल्यास प्रति चष्मा खर्च निश्चितच कमी दिसेल. ताळेबंदाच्या दृष्टीने ते आकर्षक आहे हे आम्हांस समजते. तथापि दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा, लहान आणि सिलिंडरविना असलेल्या मुलांपुरतेच ते योग्य ठरते.

आता मानेविषयी. माणसाच्या डोक्याचे वजन साधारण साडेचार ते साडेपाच किलो असते. न्यूयॉर्कमधील कण्याचे शल्यचिकित्सक केनेथ हंसराज यांनी २०१४ साली गणिती प्रतिमानावरून काढलेल्या हिशेबानुसार मान पंधरा अंशांनी पुढे झुकली असता मानेच्या मणक्यांवरील भार सुमारे बारा किलोइतका होतो, तीस अंशांस अठरा, पंचेचाळीस अंशांस बावीस आणि साठ अंशांस सत्तावीस किलो. हे आकडे प्रत्यक्ष मापनाचे नसून गणिताचे आहेत, तरीही कल रास्त आहे. धान्याची अर्धी गोणी मानेवर घेऊन मुलाने तीन तास बसावे असे कोणत्या आईस वाटेल?

चीनमधील वेन्झौ येथील संशोधकांनी लघुदृष्टी असलेल्या शाळकरी मुलांची बैठक मोजून २०१५ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते आमच्या अनुभवाशी जुळतात. वाचताना त्या मुलांचे सरासरी अंतर सुमारे सत्तावीस सेंटीमीटर होते, लिहिताना पंचवीस, आणि हातातील पडद्यावर खेळ खेळताना अवघे एकवीस. मान सर्वाधिक झुकली ती खेळाच्या वेळीच. पुस्तकापेक्षा मोबाइल जवळ जातो, हे आपण सर्वांनी २०२०-२१ मधील ऑनलाइन वर्गांच्या काळात आपापल्या घरीच पाहिले आहे.

आमच्या भागातील बहुतेक मुले मांडी घालून जमिनीवर बसून अभ्यास करतात. यात मुळात काही वाईट नाही. सेवाग्रामला बापू कुटी पाहिलेल्या प्रत्येकास ती जमिनीवरची बैठक आठवत असेल, आणि तेथून किती लेखन झाले हे सांगावयास नको. अडचण येते ती पुस्तकही जमिनीवर ठेवल्याने. मांडी घातलेल्या किशोरवयीन मुलाचे डोळे जमिनीपासून दोन फुटांहून अधिक उंचीवर असतात. ज्यास चष्मा नाही, किंवा ज्याचा चष्मा खाली पाहताच घसरतो, ते मूल हे अंतर पोक काढून भरून काढते. काही मुले पालथी पडून वाचतात. त्यात पुस्तक आणि डोळे यांत पंधरा सेंटीमीटरही उरत नाहीत.

जुन्या पेढ्यांवर मुनीमजींपुढे जे बसके, उतरत्या पाठीचे डेस्क असे, त्याची आम्हांस या संदर्भात वारंवार आठवण होते. दिवसभर बारीक अक्षरांत खतावणी लिहिणाऱ्या माणसासाठी ते कोणा जाणत्याने घडविले असावे. उतरत्या फळीमुळे कागद डोळ्यांसमोर उचलला जातो, मान कमी झुकते, आणि चष्मा नाकावरून घसरण्याचे कारणही उरत नाही. युरोपात हा विचार शाळांच्या निमित्ताने झाला. जर्मनीतील ब्रेस्लाउ या शहरी हेर्मान कोन या नेत्रवैद्याने १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासून १८६७ साली आपला अहवाल प्रसिद्ध केला. वरच्या वर्गांत लघुदृष्टीचे प्रमाण वाढत जाते हे त्याने दाखविले आणि त्याचे खापर बव्हंशी वाईट बाकांवर व अपुऱ्या उजेडावर फोडले. बाक सुधारल्याने लघुदृष्टी नाहीशी होत नाही हे पुढे कळून आले. पण मुलांच्या पाठींचे त्यामुळे कल्याण झाले, तेव्हा कोन यांचे श्रम वाया गेले असे आम्ही म्हणणार नाही.

किती अंतर योग्य, याचे माप प्रत्येकाच्या अंगावरच आहे. अमेरिकेतील डॅरेल बॉइड हार्मन यांनी गेल्या शतकाच्या मध्यास शाळांच्या वर्गखोल्यांचा अभ्यास करून ते सुचविले. कोपर टेबलावर टेकवून मूठ गालाशी आणावी. कोपरापासून मधल्या बोटाच्या पहिल्या ठळक सांध्यापर्यंतची लांबी म्हणजे वाचनाचे अंतर. आमच्याकडील जुनी मंडळी ज्यास मुंढा हात म्हणत, त्याच्याच जवळपासचे हे माप आहे. उंच मुलास ते अधिक येते, ठेंगण्यास कमी, आणि मोजपट्टी लागत नाही. वाचावयास बसताना एकदा आणि प्रत्येक धडा संपल्यावर एकदा मुलाने हे माप घ्यावे, असे आमच्या विभागात शिकविले जाते.

आजीच्या आक्षेपाचे उत्तरही येथे द्यावयास हवे. चष्मा लावल्याने नंबर वाढतो हा समज फार दृढ आहे, आणि त्यापोटी काही चष्मेवालेही मुलांना मुद्दाम कमी नंबर देतात. मलेशियातील संशोधकांनी चौऱ्याण्णव मुलांवर दोन वर्षे केलेला प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यात कमी नंबर दिलेल्या मुलांची लघुदृष्टी पूर्ण नंबर दिलेल्यांपेक्षा उलट अधिक वाढली. जवळचे पाहण्यासाठी निराळा नंबर असलेली प्रोग्रेसिव्ह भिंगे मुलांना दिल्यास वाढ थांबेल काय, हेही अमेरिकेत तपासून झाले. ४६९ मुलांच्या त्या अभ्यासात तीन वर्षांअंती फरक पडला तो अवघा ०.२० डायॉप्टरचा. एवढ्यासाठी सर्व मुलांना महाग भिंगे द्यावीत असे कोणीही म्हणणार नाही. अर्थात काही विशिष्ट मुलांना, जवळ पाहताना ज्यांचे डोळे प्रमाणाबाहेर आत वळतात त्यांना, नेत्रतज्ज्ञ अशी भिंगे अद्यापही देतात.

अलीकडील काही वर्षांत मात्र खरोखर आशादायक अशी भिंगे आली आहेत. मध्यभागी नेहमीचा नंबर आणि सभोवती शेकडो सूक्ष्म भिंगे अशी त्यांची रचना असते. हाँगकाँगमधील १६० मुलांच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांत नंबर वाढण्याचा वेग निम्म्याने कमी झालेला आढळला. ही भिंगे आता भारतातही मिळतात, पण साध्या भिंगांच्या अनेक पट किमतीस, आणि ती जवळजवळ दिवसभर लावावी लागतात. भिंगाचा मध्य बाहुलीसमोर असणे त्यांच्या बाबतीत विशेषच अगत्याचे आहे. घसरणाऱ्या चौकटीत असे महाग भिंग बसविणे म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे होय. अल्प मात्रेतील अॅट्रोपीनच्या थेंबांचाही उपयोग होतो; तो निर्णय सर्वस्वी नेत्रतज्ज्ञांचा.

आणि मोकळा उजेड. तो फुकट आहे. चीनमधील ग्वांगझौ येथे प्राथमिक शाळांतील मुलांना रोज चाळीस मिनिटे अधिक वेळ बाहेर ठेवले असता तीन वर्षांत नव्याने लघुदृष्टी झालेल्यांचे प्रमाण ३०.४ टक्के राहिले. इतर शाळांत ते ३९.५ टक्के होते. हा अभ्यास २०१५ सालचा. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दिल्लीतील शाळांच्या पाहणीत १३.१ टक्के मुलांस लघुदृष्टी आढळली, आणि आठवड्यास चौदा तासांहून अधिक काळ बाहेर खेळणाऱ्यांत ती कमी होती. विदर्भात उन्हाची टंचाई आहे असे आमचे शत्रूही म्हणणार नाहीत. टंचाई आहे ती वेळेची. सकाळची शिकवणी, मग शाळा, सायंकाळची शिकवणी यांत मुलाच्या वाट्यास सूर्य येतो तो सायकलवरून जाता-येता. चैत्र-वैशाखात दुपारी कोणी मुलास बाहेर काढू नये, परंतु सकाळी आठच्या आत आणि सायंकाळी पाचनंतर मैदान मोकळेच असते.

शासनाच्या योजना या कामी आहेत. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालत आला असून त्याअंतर्गत शाळांत दृष्टितपासणी व मोफत चष्मे यांची तरतूद आहे. ज्याचा प्रारंभ २०१३ साली आपल्याच राज्यात पालघर येथे झाला, त्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत येऊन दृष्टिदोषासह अनेक व्याधींची चाळणी करतात. मूल शोधून काढण्याचे काम या योजना करतात, आणि ते मोठे काम आहे. त्यानंतरचे छोटे, कंटाळवाणे काम आमच्यासारख्या गावातल्या रुग्णालयाकडे येते : सैल झालेला स्क्रू आवळणे, दांडी वळविणे, ओरखडे पडलेले भिंग बदलणे, सहा महिन्यांनी पुन्हा बोलावणे, न आल्यास शाळेत निरोप धाडणे. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी चालू असता पालकांना सवड नसते, म्हणून पुष्कळ मुले दिवाळीनंतरच येतात, आणि तोवर तुटलेला चष्मा दप्तरात पडून राहतो. मुलींच्या बाबतीत आणखी एक अडसर येतो. चष्म्याची मुलगी लग्नाच्या बाजारात मागे पडेल या भीतीने घरातूनच तिला चष्मा कमी लावण्यास सांगितले जाते. हिशेबाच्या कोणत्याही रकान्यात न बसणारा हा खर्च त्या मुलीच्या मानेस आणि गुणपत्रिकेस सोसावा लागतो.

देणगीदारांच्या प्रश्नाचे उत्तर आता द्यावयास हरकत नाही. ‘चष्मे वाटप’ या ओळीखाली जो खर्च दिसतो, त्यात नवे चष्मे आहेत तसेच जुन्या चष्म्यांच्या दुरुस्त्या, बदललेल्या चौकटी आणि वाढलेल्या नंबराची भिंगेही आहेत. पुढील अहवालापासून हे तीन भाग स्वतंत्र दाखविण्याची सूचना आम्ही विश्वस्त मंडळापुढे ठेवीत आहोत, म्हणजे कोणत्या रुपयाने काय केले हे प्रत्येकास पाहता येईल. दृष्टिदोष निवारक चष्म्यांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्यातून होणारी बचत मुलांच्या मापाच्या चौकटींचा साठा ठेवण्याकडे वळवावी, असे आम्हांस वाटते. गावातील सुताराकडून उतरत्या पाठीच्या लाकडी फळ्या करवून घेऊन त्या मोठ्या नंबराच्या मुलांना चष्म्यासोबत घरी द्याव्यात, हा दुसरा प्रस्ताव आहे. त्यावर मंडळात दोन मते आहेत. फळी देणे हे रुग्णालयाचे काम नव्हे असे एक मत आहे, आणि त्यातही तथ्य आहे. म्हणून प्रथम काही मोजक्याच मुलांना त्या देऊन अनुभव पाहावा असे ठरविण्याची आम्ही विनंती करणार आहोत.

पालकांसाठी एक सूचना. मुलास तपासणीस आणताना त्याचा जुना चष्मा, मोडका असला तरी, सोबत आणावा. शक्य असल्यास मूल ज्या वह्या-पुस्तकांतून रोज वाचते त्यांपैकी एक पुस्तकही आणावे. त्या पुस्तकावरून ते कसे वाचते हे पाहिल्याशिवाय आमच्या विभागात मुलांच्या चष्म्याची चिठ्ठी लिहिली जात नाही. थेंब घालावे लागतील हे गृहीत धरून त्या दिवशी मुलास सायकलने एकटे पाठवू नये.